टेकडीवरचे फ्लेक्सचे नरसाळे

गुरुवार, पहाटेचे पाच चाळीस. रुपाली चांदेरे कपाटापुढे गुडघे टेकून अंडी फिरवत होती. कपाट म्हणजे एका जुन्या फ्रिजचा सांगाडा. दाराला काचेची खिडकी बसवलेली, आत मोटारीच्या हेडलाइटचे बल्ब आणि गरम हवा खेळती ठेवणारा एक छोटा पंखा. प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली होती, दुसऱ्या अंगाला गोल. रात्री फुली वर असली की सकाळी गोल वर यायला हवा. खुडूक कोंबडी हे काम चोचीने करते. रुपाली ते दार हातभरच उघडून, आतली ऊब बाहेर सांडू नये म्हणून खांद्याने फट अडवून करत होती.

आतल्या तापमापकावर साडेसदतीस हवे होते. छत्तीसच्या थोडे वर होते. बल्ब पेटलेले होते, पण त्यांचा उजेड पिवळा नव्हता, निखाऱ्यासारखा तांबडा होता. बॅटरी उतरली की तो तसा होतो.

तिने दार लावले, चुलीवरचे पाणी कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत भरले, बाटल्या फडक्यात गुंडाळल्या आणि कपाटाच्या तळाशी सरकवल्या. हे काम ती सोमवारपासून दर तासा-दीड तासाने करत होती. मधल्या वेळात ती बसल्या जागी झोपत होती.

बंगालच्या उपसागरात कुठेतरी वादळ होते आणि त्याचे ढग सोमवारपासून पुण्यावर येऊन थांबले होते. पाऊस नाही, ऊन नाही. पत्र्याच्या शेडवर एकच सोलर पॅनल आहे. त्याच्याकडून या दिवसांत जवळजवळ काहीच मिळाले नाही. राहिली पवनचक्की. ती शेडमागे, कातळात रोवलेल्या लोखंडी खांबावर आहे. तिची पाती माणसाच्या हाताहून लांब नाहीत. सूसच्या टेकडीच्या या पाठीवर विजेचे मीटर नाही आणि मिळण्याची शक्यताही नाही. टेकडीवर बांधकाम करता येत नाही, आणि कागदावर बांधकामच नसेल तर मीटर कशाला बसवणार, असा तो हिशेब आहे.

रुपालीचे माहेर पौडजवळचे. लग्न होऊन ती सूसला आली तेव्हा चांदेऱ्यांची खालची सपाट जमीन विकून झाली होती. तिथे आता पार्किंगचेच तीन मजले असलेल्या इमारती आहेत. वाटण्या झाल्या तेव्हा गावठाणातले घर थोरल्या रंगरावकडे गेले. धाकट्या भैरूच्या वाट्याला एक टिपर आणि ही टेकडीची उतरण आली. टिपर दोन पावसाळ्यांत गेला. उतरण कुणी घेत नाही म्हणून राहिली. रुपालीने बाणेरच्या एका मॉलमध्ये बिलिंगला काही वर्षे काढली. मॉल बंद पडला तेव्हा तिच्याकडे आईने दिलेल्या गावरान कोंबड्या होत्या, आणि रविवारी कोथरूडच्या सोसायट्यांत तिची अंडी हातोहात जात होती. अंड्यांपेक्षा पिल्लांना मागणी जास्त आहे हे तिला लवकर कळले. मुळशीकडे फार्महाऊस बांधणाऱ्यांना दारात गावरान कोंबड्या फिरताना बघायच्या असतात. पण गावरान कोंबडी तिच्या मर्जीने खुडूक होते. मागणीप्रमाणे पिल्ले काढायची तर मशीन हवे, आणि मशीनला एकवीस दिवस न तुटणारी ऊब.

पहिला लॉट तिने थोरल्या जावेच्या घरी, गावठाणात, वीज असलेल्या खोलीत लावला होता. आनंदीबाईंच्या घरात रात्री झोपण्याआधी प्रत्येक खोलीत फिरून सगळी बटणे बंद करायची रीत आहे. सासूबाईंपासून चालत आलेली. दहाव्या रात्री त्यांनी फिरता फिरता मशीनचेही बटण बंद केले. सकाळी चालू केले, आणि विसरून गेल्या. हे कळले पिल्ले निघायच्या दिवशी, जेव्हा एकही निघाले नाही. त्यानंतर दोन्ही जावा कामापुरते बोलतात.

दुसरा लॉट ऑक्टोबरमध्ये टेकडीवरच, पवनचक्कीवर लावला. ऑक्टोबरात पुण्यात वारा पडलेला असतो. चक्की हलली नाही. तो लॉटही गेला.

हा तिसरा. शेवटचाही हाच, असे नवरा-बायकोत ठरले होते. बाणेरच्या एका सोसायटीला नवरा-बायको हवे होते. नवऱ्याने गेट सांभाळायचे, बायकोने जिने झाडायचे, राहायला मीटररूमच्या मागची खोली. भैरू त्याच सोसायटीला पाण्याचा टँकर घेऊन जातो, म्हणून सेक्रेटरींनी त्यालाच विचारले. कोंबड्या चालणार नाहीत, हे त्यांनी न विचारता सांगून टाकले होते. पिल्ले निघाली तर टेकडी, नाही निघाली तर मीटररूमच्या मागची खोली.

भैरू उठून बाहेर आला तेव्हा ती बॅटरीच्या मीटरकडे बघत होती.

"किती हाय?" त्याने विचारले.

"अकरा पॉइंट आठ."

"काल?"

"बारा."

तो चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला. वर खांबावर चक्की फिरत होती, म्हातारा बैल घाण्याला फिरावा तशी. तिच्याभोवती फ्लेक्सचे मोठे गोल कडे होते. पुढून अरुंद, मागे पसरत गेलेले, आणि शेवटी वितभर रुंदीची उभी कड. आतल्या बाजूला कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. पाती फिरताना भाऊंचे दात मधूनमधून दिसत.

"परकर नेसवलाय चक्कीला," भैरू म्हणाला. "पण नाचंना काय बाई."

रुपालीने कपाटाच्या दाराची फट चाचपून पाहिली.

"सेक्रेटरी काल परत विचारत व्हते. म्हणले, उद्या शुक्रवारी पाणी घेऊन याल तेव्हा काय ते सांगा. वाशीमचा एक जण बायकोला घेऊन तयार हाय त्यांच्याकडं."

"पिल्लं रविवारी निघतील. सोमवारपर्यंत थांबा म्हणावं."

"मी टँकरवाला हाय रूपे. मी त्यांना थांबा म्हणायचं?"

कप घंगाळाजवळ ठेवून तो उतरणीला लागला. टँकर खाली रस्त्यावर उभा होता.

आठ वाजता साठेंचा फोन आला. अनिरुद्ध साठे कोथरूडला राहतात, वय एकाहत्तर. कारखान्यांसाठी मोठे पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांची नोकरी झाली. ते रुपालीचे अंड्यांचे गिऱ्हाईक. एका रविवारी त्यांनी, अंडी आहेत तर पिल्ले का नाहीत, असे विचारले आणि उत्तर पुरते ऐकून घेतले. ही चक्की त्यांनीच आणून दिली. खराडीतल्या एका ऑफिसच्या गच्चीवर ती शोभेला लावलेली होती. कधी फिरली नाही म्हणून काढून भंगारात चालली होती. ऑक्टोबरातला लॉट गेल्यावर साठेंनी चार दिवस फोन केला नाही. मग चक्कीभोवती बसवायच्या कड्याचे चित्र काढून पाठवले.

त्याला ते डिफ्यूजर म्हणत. रुपाली नरसाळे म्हणे. नरसाळे उलटे असते, असे साठे दर वेळी सांगत. याचे अरुंद तोंड वाऱ्याकडे आणि रुंद तोंड मागे. वारा आत शिरला की मागे पसरतो, मागच्या कडेवर आपटणारा बाहेरचा वारा कड्याच्या पाठीशी पोकळी करतो, आणि ती पोकळी पात्यांमधून आणखी वारा ओढून घेते. पाती तीच, वारा तोच, फक्त मागून ओढ लागते. अट एकच होती. कडे हलके हवे, भरलेल्या बादलीहून जड नको, नाहीतर खांब पेलणार नाही आणि चक्की वाऱ्याकडे वळणार नाही. फायबरचे करायचे तर साचा लागला असता. म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि जुना फ्लेक्स. साठेंचे दोन्ही गुडघे बदललेले. ते टेकडीवर एकदाच आले होते, ऑपरेशनच्या आधी. कडे त्यांनी फोटोतच पाहिले होते.

"आकडा सांगा," ते म्हणाले.

"अकरा पॉइंट आठ, काका."

"चार्जिंगचा?"

"अर्धा. मधीच शून्य होतो."

"वारा आहे का?"

"हाय की. पदर उडतोय."

"पदर अँपिअरमध्ये मोजता येत नाही, पण असू दे. पानं हलतायत का फांद्या?"

"बारक्या फांद्या बी हलत्यात."

"डिफ्यूजर बसवायच्या आधी अशा वाऱ्यात किती येत होता?"

"अर्धाच."

"म्हणजे गेला आठवडा ती वस्तू शोभेला आहे. खराडीतही शोभेलाच होती. सवय झालेली दिसते." मग त्यांचा आवाज बदलला. "अहो रुपालीताई, मी रात्री सगळं गणित परत केलं. कोन बरोबर आहे. कडेची रुंदी बरोबर आहे. अर्धा यायला नको. निदान एक तरी यायला हवा. मला कळत नाहीये."

साठेंना कळत नाही हे तिने पहिल्यांदाच ऐकले. फोन ठेवून तिने बाटल्या बदलल्या.

नऊच्या सुमारास आकडा अकरा पॉइंट सात झाला. बॅटरी अकराच्या जवळ गेली की सगळे आपोआप बंद पडते. ढग जागचे हलले नव्हते. रुपालीने चुलीत दोन लाकडे सारली, कपाटावर गोधडी टाकली आणि ती टेकडी उतरून गावठाणात गेली.

आनंदीबाई ओसरीवर बसून कांद्याची पात निवडत होत्या. चंपाषष्ठी जवळ आली होती. भरिताची वांगी सुपात होती. वय पन्नाशीच्या पुढे. जावेला बघून त्यांनी सूप जरा बाजूला सरकवले, म्हणजे बसायला जागा झाली.

"आक्का," रुपाली उभ्यानेच म्हणाली, "मशीन खाली आणू का? चार दिसांपुरतं."

आनंदीबाईंनी पात निवडणे थांबवले नाही.

"आण की. घर काय माझ्या एकटीचं हाय?"

"बॅटरी उतरली वर. अंडी गार पडायला लागली."

"मागल्या टायमाला गाव म्हणत व्हतं, आनंदीनं जावंची पिल्लं मारली. आता परत घरात घेऊ म्हणतीस. धाडस हाय तुजं."

"मी न्हाई म्हणलं कुणाला."

"तू न्हाई म्हणलीस. भैरू म्हणला. पारावर." त्यांनी पातीची जुडी बांधली. "ह्या खेपंला बटणावर पाटी लाव. हात लावू नये म्हणून. मला वाचता येतं."

रुपाली खाली बसली. कपाट उतरवायचे कसे, याचा विचार ती वाटेत करून आली होती. भैरूच्या मित्राची रिक्षाटेम्पो, खाली गादी, अंडी वेगळ्या परातीत कोंड्यात. तिने हे सगळे भराभर सांगितले. आनंदीबाई ऐकत राहिल्या.

"ते समदं खरं," त्या म्हणाल्या. "पण आज वार कुठला?"

रुपालीने ओसरीतल्या दिव्याच्या बटणाकडे बघितले. त्यात बारीक लाल ठिपका आहे. वीज असली की तो पेटतो. पेटलेला नव्हता.

"गुरुवार. सकाळधरनं लाइट न्हाई. वायर बदलायलेत चौकात. संध्याकाळी सातला येईल म्हणत्यात. त्यांचं सात म्हंजी तुला म्हाईतच हाय."

दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद राहते, हे या शहरात लहान मुलालाही ठाऊक असते. रुपालीला सोमवारपासून वाराचे भान नव्हते. ती उठली. आनंदीबाईंनी आत जाऊन चहा आणला. तिने तो उभ्यानेच प्यायला.

"सातला आली लाइट तर मी ह्यांना वर पाठवते," आनंदीबाई म्हणाल्या. "आणि भैरूला सांग, पारावर बोलायचं ते हितं येऊन बोल म्हणावं."

वर आली तेव्हा कपाटात पस्तीस होते. बाटल्या कोमट झाल्या होत्या. तिने पुन्हा पाणी ठेवले. गॅसचे सिलिंडर हलके झाले होते, म्हणून चूलच धगधगती ठेवायची होती आणि सरपण संपत आले होते. दुपारी तिने कोंबड्यांच्या खुराड्याची एक फळी फोडली. मग आणखी एक. खुराड्यात एकच कोंबडी खुडूक होती. तिच्याखाली मावतील तेवढी अंडी तिने सरकवली. कोंबडीने हाताला टोचले आणि मग अंगाखाली घेतली. बाकीच्या अंड्यांना द्यायला बाटल्यांपलीकडे काही उरले नव्हते.

चारनंतर पश्चिमेला ढगांच्या खालच्या बाजूला एक फट पडली आणि सूर्य तिच्यातून टेकडीवर आला. रुपाली सरपण शोधत खांबाच्या पूर्वेला, उतारावर होती. तिने वर पाहिले. उन्हासमोर फ्लेक्सचे कडे दुधाळ उजळले होते आणि त्यात लखलखीत कोयऱ्या दिसत होत्या. कड्यावर ठिकठिकाणी, मागच्या कडेवर तर ओळीने. वाऱ्याची झुळूक आली की कोयऱ्या उघडत. झुळूक गेली की मिटत.

पुण्यात राहणाऱ्या माणसाला सवयीने फ्लेक्समधले काप दिसत नाहीत. चौकाचौकांत वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स असतात आणि प्रत्येकात अर्धचंद्रासारखे काप दिलेले असतात, वारा पार जावा म्हणून. रुपालीने गेला आठवडाभर रोज हे कडे पाहिले होते. ढगाळ उजेडात काप मिटलेले राहत. साठेंना पाठवलेल्या फोटोतही ते मिटलेलेच होते.

तिने फोन लावला.

"काका, फ्लेक्सला काप हाईत. चंद्रकोरीसारखे. त्यातनं ऊन येतंय. ते तुमच्या चित्रात हाईत ना?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"काका?"

"काप कोणी दिले?"

"दिगंबरभाऊंनी. त्यांनीच केलंय ना ते. सगळ्याच फ्लेक्सला देतात."

"सगळ्याच फ्लेक्सला देतात," साठे म्हणाले. "खरंय. आणि देऊ नका असं मी चित्रावर लिहिलं नाही. माठ घेताना त्याला भोक नको असं कोणी कुंभाराला सांगतं का? मला वाटलं नाही सांगत." ते खोकले. "मागच्या कडेलाही आहेत?"

"तिथंच जास्त."

"मग झालं. ज्या कडेनं वारा अडवायचा, तिच्यातूनच तो पार जातोय. पोकळी होतच नाही. बुजवा. सगळे. आजच. आणि ऐका, बुजवल्यावर जोराचा वारा आला तर खांब खाली घ्यायचा. दिगंबर काही वेडा नाही, काप कशासाठी असतात ते त्याला माहीत आहे."

दिगंबर हा भैरूचा शाळेतला मित्र, बाणेर-बालेवाडीत फ्लेक्स लावण्याचे काम करतो. रुपालीचा फोन जाताच भैरूने त्याला टँकरमध्ये बसवूनच आणले. दोघे चढण चढून आले तेव्हा ऊन गेले होते, पण अंधार पडायला अवकाश होता.

"वहिनी, बिनकापाचा फ्लेक्स मी जन्मात लावला न्हाई," दिगंबर धापा टाकत म्हणाला. "बिनकापाचा लावला की पहिल्या वाऱ्यात फाटतो, न्हाईतर सांगाड्यासकट खाली येतो. कुणाच्या डोक्यात पडला म्हंजी? माझ्या हाताला सवय हाय. कटर घेतला की काप."

"लग्नात नवरीच्या शालूला बी दिले असतेस," भैरू म्हणाला.

"तुझ्या लग्नाचा फ्लेक्स मीच लावला व्हता. अजून टिकलाय. तुझ्या माळ्यावर."

खांब खाली बिजागरीवर आहे. एका बाजूचा ताण सोडून तो आडवा करता येतो. भैरूने दोर धरला, रुपालीने पाती बांधली. खांब आडवा झाला तसा चार्जिंगचा आकडा शून्यावर गेला. बॅटरी अकरा पॉइंट तीन होती. दिगंबरने पिशवीतून फ्लेक्सचे तुकडे आणि चिकटवायचे सोल्युशन काढले. रुपाली फडक्याने काप पुसायची, दिगंबर ठिगळ लावायचा, भैरू ते दोन्ही तळव्यांत दाबून धरायचा. सोल्युशन गारठ्याने लवकर धरत नव्हते. रुपालीने कपाटातली एक बाटली काढून आणली आणि ठिगळांवरून इस्त्रीसारखी फिरवली. मग ती धरू लागली. ती बाटली बाहेर होती तेवढा वेळ कपाटात एक बाटली कमी होती. बाटली आणावी की नाही, यावर ती दाराशी थांबली होती आणि मग घेऊन आली होती.

कडेवरचे शेवटचे ठिगळ भाऊंच्या डोळ्यावर आले.

"बरं झालं," दिगंबर म्हणाला. "लई रोखून बघत व्हता."

खांब उभा केला तेव्हा समोरच्या इमारतींत दिवे लागले होते. वारा सकाळइतकाच होता. चक्की आधी थांबून राहिली, मग दिशेला वळली, मग फिरू लागली. आवाज बदलला होता. आधी पात्यांची फडफड ऐकू यायची. आता खालच्या सुरात एकसारखी घरघर होती. रुपाली शेडमध्ये मीटरपुढे बसली. साठे फोनवर होतेच.

"किती?"

"एक."

"परत वाचा."

"एक पॉइंट तीन. आता दीड."

"वारा वाढला का?"

तिने दारातून बाहेर पाहिले. "न्हाई. तेवढाच हाय."

"दुप्पट धरा," साठे म्हणाले. "तिप्पट म्हणू नका. थोडा वारा वाढला असेल, तुम्हाला कळला नसेल." आणि मग, "बल्बचा रंग?"

"पिवळा व्हायलाय."

"हे आठ दिवस आधी व्हायला हवं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता दुसरे काम होते, आणि ते टाळता येत नव्हते. अठराव्या, म्हणजे आजच्या दिवशी अंडी उजेडावर धरून बघतात. मेलेली काढून टाकावी लागतात, नाहीतर ती सडून फुटतात आणि जिवंत अंड्यांना घाण लागते. रुपालीने बुटाच्या खोक्याला भोक पाडून आत मोबाइलचा टॉर्च लावला होता. शेडमधला दिवा तिने मालवला. दिगंबर निघून गेला होता. भैरू परात धरून बसला.

जिवंत अंडे उजेडावर जवळजवळ पूर्ण काळे दिसते. बोथट टोकाला हवेची पोकळी असते आणि तिच्या काठावर, थांबून पाहिले तर, काहीतरी हलते. मेलेल्या अंड्यात आतला ऐवज अंडे तिरके केले की पाण्यासारखा वाहतो. रुपाली एकेक अंडे भोकावर ठेवत होती. पहिले वाहिले. दुसरे वाहिले. तिसरे तिने बराच वेळ धरले आणि परातीत टाकले. चौथ्यात हालचाल होती. तिने ते त्याला दाखवले. त्याने डोळा जवळ नेला.

"चोच हाय का ती?"

"असंल."

बराच वेळ हे चालले. सगळे झाले तेव्हा परात भरली होती आणि कपाटात निम्म्याहून कमी अंडी राहिली होती. खुडूक कोंबडीखालची तिने शेवटी पाहिली. ती सगळी जिवंत होती. ती तिथेच राहू दिली.

खाली गावठाणात दिवे दिसत होते. वीज आली होती. थोड्या वेळाने पायवाटेवर टॉर्चचा उजेड हलला आणि रंगराव वर आला. दारात उभा राहून त्याने परातीकडे पाहिले.

"न्यायचं हाय का मशीन?" त्याने विचारले. "हिनं खोली मोकळी केलीय."

रुपालीने कपाटाच्या काचेतून आत पाहिले. सदतीस पॉइंट दोन.

"आता हलवलं तर राहिलेली बी जातील, दाजी," ती म्हणाली. "आक्कांना सांगा, मी आले व्हते ते बरं झालं."

रंगरावने मान हलवली. त्याने आणलेली सरपणाची मोळी दाराशी ठेवली आणि तो उतरून गेला.

भैरूने परात बाहेर नेली. कुत्री उकरणार नाहीत इतका खोल खड्डा काढायला त्याला वेळ लागला. आत आला तेव्हा त्याचे हात मातीने भरलेले होते.

"जेवढी राहिली, ती निघतील?" त्याने विचारले.

"समदी न्हाई."

"ज्या गिऱ्हाइकांनी सांगून ठेवलीत त्यांना पुरतील?"

"न्हाई पुरायची."

"मग उद्या काय सांगू सेक्रेटरींना?"

ती बाटल्या भरत होती. एकीचे झाकण घट्ट बसत नव्हते. ती ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

"रविवारच्या आधी उत्तर पाहिजे असंल त्यांना," ती म्हणाली, "तर न्हाई म्हणा."

"आणि रविवारी निघालंच न्हाई काय, तर? वाशीमचा आलेला असंल तवर."

रुपालीने बाटली फडक्यात गुंडाळली आणि तळाशी सरकवली. भैरू हात धुवायला बाहेर गेला. वर चक्कीची घरघर चालू होती. मीटरवर अकरा पॉइंट सहा होते.

अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवत नाहीत. पिल्लू तोंड पोकळीकडे करून बसते आणि त्याला तसेच राहू द्यावे लागते. उद्या पहाटे पाच चाळीसला रुपालीला फक्त आकडा वाचायचा आहे. भैरूच्या टँकरची उद्याची पहिली फेरी त्याच सोसायटीची आहे, साडेसातची.